बेळगावात बसून लिखाणावर घर चालवायचं असेल तर

आमच्या वडगावात सकाळी सात वाजले की माग सुरू होतात आणि ती खटखट ऐकतच मी लॅपटॉप उघडते. आप्पांनी जन्मभर शेठच्या सुतावर साड्या विणल्या, मजुरी साडीमागे. माग थांबला की मजुरी थांबली, मग लाईट गेलेली असो, बीमवरचं सूत संपलेलं असो नाहीतर घरात लग्न असो. मी नोकरी सोडून फ्रीलान्स लिहिणार म्हटल्यावर घरात सगळ्यांनी डोक्याला हात लावला, आप्पांनी फक्त विचारलं, "पगार की मजुरी?" मी म्हटलं मजुरी, शब्दामागे. "मग वही घाल आधी," म्हणाले आणि जेवायला बसले.

मी वही घातली नाही आणि माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. लिहायला येत होतं, कामंही येत होती, पण कोणाकडनं किती यायचंय, कुठलं काम किती वेळ खातं, कोण तीन महिने लावतं, काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरंपोरी विचारतात की ताई, लिखाणावर भागतं का, तेव्हा मी लिखाणाबद्दल कमी आणि वहीबद्दल जास्त बोलते. इथेही तसंच होणार आहे, आधीच सांगते.

कविता वेगळी, किराणा वेगळा

पहिलं हे डोक्यातनं काढा की फ्रीलान्स लेखक म्हणजे कथा-कविता लिहून जगणारा माणूस. इंदिरा संत बेळगावातच राहिल्या, इथेच लिहिलं, पण ट्रेनिंग कॉलेजातली नोकरीही केली. पु. ल. देशपांडे इथे आरपीडी कॉलेजात शिकवायला होते. म्हणजे एवढी मोठी माणसं पण महिन्याच्या महिन्याला पगार घेत होती, मग आपण पहिल्या कथेच्या मानधनावर गॅस सिलिंडर आणायला निघालो तर कसं व्हायचं. दिवाळी अंकात जरूर लिहा, १९०९ पासून चालत आलेली गोष्ट आहे ती, संपादकांपर्यंत आपलं नाव पोचतं आणि साहित्य जून-जुलैतच पाठवावं लागतं हे लक्षात ठेवा. ऑगस्टच्या शेवटी पाठवणारे पुढच्या वर्षीच्या रांगेत जातात. मात्र ते मानधन वहीत "वरकड" म्हणून लिहायचं. बऱ्याच ठिकाणी मानधन म्हणजे अंकाची एक प्रत, ती पण तुम्ही दोनदा फोन केल्यावर.

घर चालतं ते दुसऱ्याच लिखाणावर. आमच्या भागात काय काय मिळतं ते सांगते. सोसायट्यांचे, म्हणजे पतसंस्थांचे, वार्षिक अहवाल, आणि बेळगावात मराठी सोसायट्या गल्लीगणिक आहेत. संस्थांच्या रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. गणपतीतल्या देखाव्यांची स्क्रिप्ट, ज्यात पाच मिनिटांत शिवाजी महाराज, प्रदूषण आणि मोबाईलचं व्यसन तिन्ही बसवायचं असतं. शाळांच्या गॅदरिंगची नाटकं. दवाखान्यांची पेशंटसाठीची माहितीपत्रकं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, कामगारांसाठी सेफ्टीच्या सूचना लागतात, त्या कन्नड, मराठी, हिंदी तिन्हीत. दुकानांच्या जाहिराती आणि पाट्या, त्यात २०२४ पासून पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाल्यापासून उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्लिश दोन्ही कसं बसवायचं हा प्रश्न घेऊन दोन-तीन पेंटर माझ्याकडे येऊन गेलेत. हे झालं गावातलं. बाहेरचं म्हणजे पुण्या-मुंबईच्या एजन्सींची ऑनलाईन कामं: ॲपचं मराठीकरण, सबटायटल, यूट्यूबची स्क्रिप्ट, ई-लर्निंगचे धडे, ऑडिओसाठीच्या गोष्टी. गोव्यात मराठी पेपर आहेत, कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आहे, चोर्ला घाट उतरलं की पणजी. नकाशात आपण कोपऱ्यात दिसतो, पण कामाच्या दृष्टीनं तीन राज्यांच्या मधोमध बसलोय.

गावातलं काम पैसे कमी देतं पण ओळख देतं, बाहेरचं काम पैसे देतं पण उद्या बंद होऊ शकतं, म्हणून दोन्ही पाहिजेत. माझा नियम असा की वर्षाच्या कमाईत कुठल्याही एका गिऱ्हाईकाचा वाटा निम्म्याच्या वर जाता कामा नये. गेला की समजायचं तुम्ही फ्रीलान्सर नाही, बिनपगारी नोकर आहात.

कन्नड ही आपली पुंजी

आता जे सांगते ते काहींना आवडणार नाही. सीमाप्रश्नावर तुमचं मत काय ते तुमच्यापाशी, १ नोव्हेंबरला तुम्ही काळा दिवस पाळा नाहीतर घरी झोपा, पण कन्नड वाचता-लिहिता येत असेल तर ते लपवू नका. इंग्लिश-मराठी अनुवाद करणारे पुण्यात ढीगभर आहेत. कन्नडवरून थेट मराठीत, तेही सरकारी कागदाची कन्नड कळणारे, किती सापडणार? मराठी मिडियमला शिकलो तरी आपल्याला शाळेत कन्नड होतीच, तेव्हा मार्कांपुरती घोकली ती आता पैसे देते. रोज एक कन्नड पेपर वाचा, मोठ्यानं. मी सहा महिने वाचला तेव्हा कुठे बातमीची भाषा हाताला लागली.

फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे शंका, संशय. आपल्याकडे अनुमान म्हणजे तर्क. 'अभ्यास' तिकडे सराव किंवा सवय, इकडे पुस्तक घेऊन बसणं. 'विचार' तिकडे बऱ्याचदा नुसता विषय किंवा बाब. आणि सगळ्यात भारी म्हणजे पावसाळ्यात कन्नड पेपरात येणारं 'मळे अवांतर', पावसानं उडवलेली दाणादाण. मशिनकडून अनुवाद करून घेतलेल्या एका मजकुरात मी 'पावसाचे अवांतर' वाचलंय, जणू पाऊस अवांतर वाचन करून गेला. असे शब्द दिसले की वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा, माझ्याकडे आता दोनशेच्या वर आहेत आणि नवीन एजन्सीला नमुना पाठवताना त्यातले पाच-सहा मी मुद्दाम सांगते. डिग्रीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, खरंच.

कन्नडमधले जमिनीचे उतारे, नोटिसा, वाटणीपत्रं घेऊन लोक येतील. समजण्यापुरता अनुवाद जरूर करून द्या, पण कोर्टात किंवा ऑफिसात दाखल करायचं असेल तर तिथे कोणाचा अनुवाद चालतो ते त्यांना वकिलाकडनं विचारून यायला सांगा. आपण स्वतःच शिक्का मारून 'अधिकृत' वगैरे लिहायचं नाही.

उलट बाजूही आहे. आपल्या मराठीत कन्नडचं मीठ पडलेलं आहे आणि आपल्याला ते जाणवत नाही. एका ऑडिओ स्क्रिप्टमध्ये मी लिहिलं होतं, "तो आला होता खरं भेटला नाही." संपादिकेचा फोन आला, "खरं म्हणजे? खरोखर आला होता का?" आता बेळगाव-कोल्हापूरकडे 'खरं' म्हणजे 'पण' हे तिला कुठनं माहीत असणार. "काय करालाईस", "बसलाय की बघ" हे आपल्याला गोड लागतं, पुण्याला चूक वाटते. तेव्हा दोन मराठी ठेवायच्या, एक कपाटातली आणि एक अंगावरची. प्रमाण मराठीसाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम एकदा नीट बसून वाचा, फार नाहीत, एका संध्याकाळी होतात. आणि घरची मराठी सोडू नका, संवाद लिहायचे असले, आमच्या भागातलं पात्र असलं की तीच मराठी विकली जाते आणि ती दुसऱ्या कोणाला नक्कल करता येत नाही.

दर काढायची पद्धत

"तुमचा दर काय?" असं विचारल्यावर "तुम्हीच सांगा" म्हणणारी मी एकटी नसेन. खडेबाजारातला कापडवाला कधी म्हणतो का, की साडी बघा आणि मनाला येईल ते द्या?

हिशोब असा करा. समजा घरात महिन्याला २५,००० आले पाहिजेत. कामाचे दिवस २२. दिवसभर बसलं तरी प्रत्यक्ष पैसे देणारं लिखाण चार तासच होतं, बाकी वेळ फोन, मेल, दुरुस्त्या आणि पैसे मागण्यात जातो, हे मी वहीत लिहिलं तेव्हा मला पटलं. म्हणजे ८८ तास. २५,००० भागिले ८८, तासाला साधारण २८४ रुपये. आता घड्याळ लावून बघा, तुम्हाला माहिती गोळा करण्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत हजार शब्दांना किती वेळ लागतो. चार तास लागत असतील तर ११३६ रुपये, म्हणजे शब्दाला १ रुपया १४ पैसे. त्यात रिकाम्या महिन्यांसाठी, आजारपणासाठी पाव हिस्सा वाढवा, झाले १ रुपया ४२ पैसे. अनुवाद तीन तासांत होत असेल तर त्याच हिशोबानं १ रुपया ७ पैशांच्या आसपास येतो. हा तुमचा तळ. बाजारात तुम्हाला याच्या निम्म्यात लिहिणारे भेटतील, भेटू देत, पण निदान आपण तळाच्या खाली जातोय हे माहीत असताना जावं. मी आजही कधी कधी जाते, नवीन क्षेत्रात शिरायचं असलं की, फक्त वहीत लाल पेनानं लिहिते.

शब्द मोजायचे कुठले, हे आधी ठरवा, यात भलेभले फसतात. इंग्लिशवरून मराठीत आणताना शब्द कमी होतात, कारण त्यांचे सुटे शब्द आपल्याकडे प्रत्यय होऊन चिकटतात. "टेबलावर" हा आपला एक शब्द, त्यांचे तीन. तिथे इंग्लिशच्या शब्दांवर दर लावा. कन्नडवरून आणताना उलटं होतं, कन्नड शब्दाला शब्द जोडत जाते, अख्खं वाक्य दोन-तीन शब्दांत मावतं आणि मराठीत त्याचे सात होतात. तिथे मराठीच्या शब्दांवर लावा. मी पहिलं अख्खं कन्नड पुस्तक कन्नड शब्दांच्या मोजणीवर घेतलं होतं. पानं वाढत गेली आणि पैसे तेवढेच. आप्पा म्हणाले, "लांबी न मोजता साडी विणलीस." पुढे काय बोलणार.

पानावर दर ठरवत असाल तर पान म्हणजे किती शब्द तेही लिहून घ्या, नाहीतर डीटीपीवाला अक्षर बारीक करून तुमची दहा पानं सहात बसवतो. तो मुद्दाम करतो असं नाही, त्याला कागद वाचवायचा असतो. आणि अजून बरेच छापखाने श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर काम करतात, तुमचा युनिकोड मजकूर, म्हणजे आपण नेहमी टाईप करतो तो, त्यांच्याकडे कन्व्हर्ट होतो तेव्हा रफार उडतो, 'ऱ्या'चं काहीतरी भलतंच होतं. शेवटचं प्रूफ आपण बघणार आणि त्याचे वेगळे पैसे, हे पहिल्याच बोलण्यात सांगा.

आपली माणसं

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे ओळखीचं. एका सोसायटीच्या काकांशी झालेलं बोलणं मला पाठ आहे.

"अगं बाळ, आपलीच संस्था की. चार पानं लिहून द्यायला काय लागतंय तुला?"

"लिहून देते की काका. खरं पानाला इतके होतात."

"पैसे? आम्हाला वाटलं तू हौसेनं लिहितीस."

"काका, तुमची सोसायटी हौसेनं कर्ज देते काय ओ?"

हसले, आणि दिले. सगळे देत नाहीत. मी एक युक्ती काढली आहे, फुकट करायचंच असेल, देवळाचं काम, शाळेचं काम, तर तरीही बिल देते: मजकूर आठ पानं, मूळ रक्कम ४,०००, सवलत ४,०००, देय शून्य. ते बिल त्यांच्या फायलीला लागतं आणि पुढच्या वर्षी दुसरा सेक्रेटरी येतो तेव्हा त्याला निदान कळतं की याला किंमत असते. तीन ठिकाणी तरी पुढच्या वर्षी पैसे मिळालेत असे.

बाकीच्यांकडनं ॲडव्हान्स. नवीन गिऱ्हाईक असेल तर निम्मे आधी, ओळख झाली की तीस टक्के, मोठी एजन्सी असेल तर ते देत नाहीत, तिथे निदान पहिलं काम छोटं घ्यायचं. करार म्हणजे स्टँप पेपरच पाहिजे असं नाही, काम सुरू करायच्या आधी एक मेल टाका आणि समोरच्याकडनं "ठीक आहे" असं उत्तर घ्या. मेलमध्ये काम काय, शब्द किती आणि कुठल्या भाषेचे, तारीख, रक्कम, दुरुस्त्या किती वेळा (मी दोनदा करते, तिसऱ्यांदा पैसे), पैसे किती दिवसांत, आणि हक्क कोणाचा, एवढं पाहिजे. व्हॉट्सॲपवर ठरलं असेल तरी तेच सगळं पुन्हा मेलवर लिहून पाठवायचं. व्हॉईस मेसेजवर तर अजिबात विसंबू नका, मोबाईल बदलला की गेलं.

पैसे अडकले तर

एका कंपनीनं माझे सात महिने काढले. रोज "अकाउंट्सला पाठवलंय". तेव्हा मला उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, माहीत नव्हतं, आता प्रत्येकाला सांगत सुटते. सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार-पॅन घालून फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार अशा नोंदलेल्या उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि लेखी ठरवलं तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाईन करता येते. शिवाय इन्कम टॅक्सचा नियम असा झालाय की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर पैसे देईपर्यंत तो खर्च त्या कंपनीला वजा दाखवता येत नाही. ही गोष्ट अकाउंट्सवाल्यांना बरोबर कळते. मी आता बिलावरच उद्यम नंबर छापते आणि खाली ४५ दिवसांची एक ओळ, भांडायची वेळ फारशी येत नाही. फक्त हे रजिस्ट्रेशन काम घ्यायच्या आधी काढून ठेवा, पैसे अडकल्यावर नव्हे.

टॅक्सचं थोडक्यात. कंपन्या प्रोफेशनल फी म्हणून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच टॅक्स, कापतात. एका कंपनीकडनं वर्षाला ५०,००० च्या वर गेलं तर कापायचं अशी मर्यादा एप्रिल २०२५ पासून झाली, आधी ती ३०,००० होती. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलेले पैसे बुडाले असं समजून मी पहिली दोन वर्षं रिटर्नच भरलं नव्हतं! इन्कम टॅक्सच्या साईटवर आपल्या पॅनखाली कापलेलं सगळं दिसतं, टॅक्स लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. सेवेसाठी जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तेव्हा "जीएसटी नंबर नाही तर काम नाही" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. रिटर्न कुठल्या कलमाखाली भरायचं ते सीएला विचारा, लेखकाच्या बाबतीत कामाच्या प्रकारावर बदलतं.

सूत कोणाचं

आप्पांना साडीमागे मजुरी मिळायची कारण सूत शेठचं होतं, साडीही शेठची. लिखाणात सूत आपलं असतं, हे लोक विसरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखनाचा पहिला मालक लेखकच, नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. फ्रीलान्सर नोकर नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता. आणि हक्क दिला तरी लेखक म्हणून तुमचं नाव आणि मजकुराची मोडतोड होऊ न देणं हा हक्क तुमच्याकडेच राहतो.

सेफ्टीच्या सूचना, अहवाल, जाहिराती, याचे हक्क खुशाल द्या, त्याचं आपण काय लोणचं घालणार. पण कथा, लेखमाला, ऑडिओ मालिका देताना "सर्व हक्क कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत" अशी ओळ दिसली की थांबा आणि विचारा, फक्त ऑडिओचे घेता का, तीन वर्षांसाठी घेता का. विचारल्यावर निम्मे लोक बदलून देतात, मला नवलच वाटलं होतं. मजकूर त्यांनी आधीच छापलेल्या फॉर्मातला असतो, त्यांनाही ती ओळ का आहे ते माहीत नसतं.

दुसऱ्याच्या सुताचंही तसंच आहे. कन्नड कथा आवडली म्हणून अनुवाद करून छापायला दिला, असं चालत नाही, अनुवादाची परवानगी मूळ लेखकाची किंवा वारसांची लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. द. रा. बेंद्रे, घरात मराठी बोलून कन्नडचे मोठे कवी झाले, ते १९८१ ला गेले, म्हणजे त्यांच्या कविता २०४१ संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत. परवानगीचं पत्र आधी, अनुवाद नंतर. चार महिने बसून अनुवाद केला आणि मग वारसांनी नाही म्हटलं, असं झालेली माणसं मला माहीत आहेत.

मशिन आल्यावर

हल्ली अर्ध्या कामांत मशिनचा अनुवाद येतो आणि म्हणतात, "फक्त तपासून द्या", पैसे मात्र नेहमीच्या दराच्या तिसरा हिस्सा. सरसकट नाही म्हणू नका आणि सरसकट हो पण म्हणू नका. त्यातले दोनशे शब्द घ्या, घड्याळ लावा, दुरुस्त करा. नव्यानं करायला लागला असता त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ लागला तर सरळ ते दोनशे शब्द परत पाठवून सांगा की हे तपासणीचं काम नाही, नव्यानं करायचं काम आहे, दर तो लागेल. कन्नडवरून असेल तर जवळजवळ नेहमी असंच होतं. इंग्लिशमधून साधा मजकूर असेल तर मशिन बरं करतं, तिथे हट्ट धरून उपयोग नाही. उलट मी स्वतःहून सांगते की हे मशिनवर करून तपासून दिलं तर इतके, आणि हातानं केलं तर इतके.

वर्ष कसं जातं

मजुरीच्या धंद्यात वर्ष सारखं नसतं हे घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा, विशेषतः सासरच्यांना. जून-जुलैत दिवाळी अंक आणि शाळांचं काही ना काही. बाहेर पाऊस, लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टर हा माझा पहिला मोठा खर्च होता आणि एका वर्षात वसूल झाला. ऑगस्टमध्ये देखाव्यांची स्क्रिप्ट आणि सोसायट्यांचे अहवाल एकदम अंगावर येतात, या दीड महिन्यात बाहेरच्या एजन्सीचं नवीन काम मी घेत नाही. दिवाळीनंतर सगळं थंड, तेव्हा वहीतलं आधीचं शिल्लक खायचं. थंडीत गॅदरिंग, आणि गावोगावची साहित्य संमेलनं, कडोली, उचगाव, येळ्ळूर. तिथे जा. भाषण ऐकायला जाल ते जाल, पण चहाच्या टेबलापाशी कोल्हापूरचे प्रकाशक, शाळांचे हेडमास्तर, सोसायट्यांचे चेअरमन एकाच ठिकाणी सापडतात. मला सलग तीन वर्षं चालणारं एक काम पिठलं-भाकरीच्या रांगेत मिळालंय. मार्चमध्ये कंपन्यांना बजेट संपवायचं असतं, अडकलेली बिलं तेव्हाच मागायची.

आणि एप्रिलमध्ये दर वाढवायचा. दरवर्षी, थोडा का होईना, वही उघडून कोणाचं काम किती वेळ खातं ते बघून, सगळ्यांना सारखा नाही. जुन्या गिऱ्हाईकाला महिनाभर आधी कल्पना द्यायची, चालू काम जुन्या दरानं संपवायचं. हा मेसेज मी एका वर्षी १ एप्रिलला पाठवला होता तर दोघांनी हसायच्या स्मायली टाकल्या आणि जुन्याच दरानं पैसे पाठवले. तेव्हापासून २ तारखेला पाठवते.